काळी, पांढरी आणि ग्रहांची प्रतवारी

वऱ्हाडात धामणगाव नावाचे गाव एकच नाही. बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे, अमरावती जिल्ह्यात धामणगाव गढी आहे आणि त्याच जिल्ह्यात बडनेऱ्याहून वर्ध्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर धामणगाव रेल्वे आहे. सारख्या नावांची गावे वेगळी ओळखता यावीत एवढाच या उपपदांचा व्यावहारिक हेतू असला, तरी त्यांतली काही उपपदे वस्तीमागचे कारणही सांगून जातात. गढी म्हटले की तिच्या आश्रयाने राहणारी प्रजा आली; रेल्वे म्हटले की तिच्यामागून आलेले हमाल, अडते, गुमास्ते आणि कापसाच्या गाठींचे व्यापारी आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. यवतमाळकडचा माल आणि माणूस या स्थानकावर चढू-उतरू लागला आणि स्थानकाभोवती बाजारपेठ उभी राहिली. जनगणनेच्या तक्त्यांत मात्र हे नगर ‘दत्तापूर धामणगाव’ म्हणून नोंदलेले आढळते. नोंदीतले नाव एक, स्थानकाचे दुसरे. आणि लोकांच्या तोंडी टिकले ते स्थानकाचे.

जागा राहण्याजोगी आहे की नाही हे कोण ठरवतो, कशासाठी ठरवतो आणि कोणत्या शब्दांत ठरवतो, हा प्रश्न अशा गावाच्या नावातच दडलेला आहे. मराठीत त्या प्रश्नाभोवती एक संदिग्ध शब्द वावरतो : वसाहत. ‘रेल्वे वसाहत’, ‘औद्योगिक वसाहत’, ‘शिक्षक वसाहत’ आणि ‘वसाहतवाद’ या चारही ठिकाणी तो तितक्याच सहजतेने बसतो. शेतजमीन अकृषक करून पाडलेल्या भूखंडांच्या समूहाला तालुक्याच्या गावी ‘लेआउट’ किंवा ‘कॉलनी’ म्हणतात, आणि त्या कॉलनीत राहणारा विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर एखाद्या दूरच्या ताऱ्याभोवती ‘कॉलनी’ स्थापतो, तेव्हा त्याला शब्दाच्या दोन अर्थांमधील अंतर जाणवण्याचे कारण उरत नाही. अंतराळातील डावपेचांच्या खेळांकडे मराठी समीक्षेने पाहावे ते या अंतरासाठी. हे खेळ केवळ करमणूक आहेत की कलाकृती, हा वाद येथे दुय्यम आहे. भूमीविषयीची एक वाक्यरचना ते लक्षावधी तरुणांच्या अंगवळणी पाडतात, एवढे कारण त्यांच्या चिकित्सेस पुरेसे आहे.

या खेळांची परंपरा १९८३ च्या ‘रीच फॉर द स्टार्स’पर्यंत मागे नेता येते; पण तिला नाव आणि घाट मिळाला तो १९९३ मधील ‘मास्टर ऑफ ओरायन’मुळे. त्या खेळाची ओळख करून देताना अ‍ॅलन एमरिच यांनी ‘कम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ या अमेरिकी मासिकात चार क्रियापदांचे एक सूत्र मांडले. त्याचा मराठी आशय शोध, विस्तार, उपसा आणि संहार असा होईल. पुढे संपूर्ण प्रकारालाच या चार क्रियापदांवरून नाव पडले. सूत्र विनोदाने केलेले होते हे खरे. परंतु विनोदाने का होईना, एका प्रकाराने आपले व्याकरण इतक्या उघडपणे सांगून टाकल्याचे दुसरे उदाहरण चटकन सापडणार नाही. कादंबरी आणि साम्राज्य यांच्या गुंतागुंतीचा शोध घेणारा एडवर्ड सैद यांचा ‘कल्चर अँड इम्पिरिअ‍ॅलिझम’ हा ग्रंथही १९९३ मध्येच प्रसिद्ध झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये अँटिग्वा बेटाचा जो ओझरता उल्लेख येतो, त्यामागचे मळे आणि गुलामी सैद यांना खणून काढावी लागली. खेळात असे खणावे लागत नाही. तेथे मळा पृष्ठभागावरच असतो. अदृश्य होते ती भूमी.

ती कशी अदृश्य होते हे ‘मास्टर ऑफ ओरायन’च्या एका पडद्यावरूनही दाखवता येते. तारा सापडला की त्याच्या ग्रहाची प्रत कळते. टेरन, जंगली, महासागरी, रुक्ष, गवताळ, वाळवंटी अशा उतरत्या श्रेणीने ग्रह येतात आणि त्यांच्याखाली ओसाड, हिमाच्छादित, मृत, अग्निमय, विषारी, किरणोत्सारी अशा प्रतिकूल ग्रहांची रांग लागते. प्रत्येकासमोर जास्तीत जास्त किती लोकसंख्या मावेल त्याचा आकडा असतो. खनिजांच्या दृष्टीने तो गरीब की श्रीमंत हेही तेथेच कळते. वसाहत झाल्यावर त्या ग्रहाविषयी खेळाडूने घ्यायचे निर्णय पाच पट्ट्यांत मावतात : जहाजे, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि तंत्रज्ञान. ग्रहावर कोण राहतो, तेथे पाऊस कसा पडतो, पहिली पिढी कोणत्या आजाराने दगावली, यांपैकी काहीही विचारता येत नाही, कारण ज्याला विचारायचे असा ग्रह आकड्यांच्या मागे अस्तित्वातच नाही. शत्रूचा ग्रह सैन्य उतरवून जिंकला, तर तेथील लोकसंख्या नाहीशी होते. कारखाने मात्र विजेत्याच्या हाती जसेच्या तसे येतात. हा नियम क्रूर आहे असे म्हणण्यापेक्षा तो सुसंगत आहे असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. माणूस आणि कारखाना हे दोन्ही जेव्हा ग्रहाच्या उत्पन्नाचे घटक असतात, तेव्हा त्यांपैकी एकाची जागा दुसऱ्या ठिकाणाहून भरून काढणे एवढाच प्रश्न उरतो.

वऱ्हाडच्या वाचकाला ही प्रतवारी परकी वाटू नये. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला; कागदोपत्री त्याचे नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’, म्हणजे नेमून दिलेले जिल्हे, असे झाले. १८६० च्या दशकात येथे मुंबई पद्धतीची जमीन मोजणी आणि बंदोबस्त सुरू झाला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकात घडवलेली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात स्थिर केलेली ही पद्धत होती. तिचे तंत्र थोडक्यात असे : शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात माती उकरून खोली पाहायची, रंग आणि पोत पाहायचा, आणि जमिनीला आण्यांत मोल द्यायचे. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळी जमीन सोळा आणे. खोली कमी झाली की आणे कमी. चुनखडी, उतार, वाळू, पाणथळ असे दोष आढळले की नोंदवहीत खुणा करून प्रत आणखी खाली. त्यावर हवामान आणि बाजारपेठेचे अंतर यांचा विचार करून गावांचे गट पाडले जात आणि दर ठरत. स्थानक जवळ येणे म्हणजे बाजार जवळ येणे. म्हणजे तीच माती, तोच पाऊस, पण लोहमार्गामुळे दर चढण्याची शक्यता निर्माण होणे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, मँचेस्टरला कापूस हवा होता आणि वऱ्हाडची काळी माती नेमकी त्या मागणीच्या तराजूत तोलली गेली. आल्फ्रेड लायल यांचे १८७० चे गॅझेटिअर वाचताना प्रदेश आणि पीक यांच्यातील सीमारेषा कोठे पुसली गेली हे सांगणे कठीण जाते. त्या प्रतवारीतून चराऊ जमिनी, जंगल आणि गावाची सामायिक साधने यांचे काय झाले आणि शतकाअखेरच्या दुष्काळांशी त्याचा काय संबंध होता, याची चर्चा लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या १९९७ च्या ग्रंथात विस्ताराने केली आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बंदोबस्त आणि खेळ यांचे समीकरण मांडून थांबले, तर निष्कर्ष टाळ्या मिळवणारा होईल, पण चुकीचा होईल. दोहोंत मूलभूत फरक आहे. प्रतवारी करणारा कारकून शेतात येत होता. त्याने दिलेले आणे खोटे ठरवता येत होते. त्याने नेमकी जागा न उकरता कडेला उकरले असे म्हणता येत होते. आणेवारी आणि पुढे पैसेवारी यांविषयीचा वऱ्हाडी शेतकऱ्याचा असंतोष हा आकड्याशी चाललेला दीर्घ संवादच आहे. अंतिम पैसेवारी पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर टंचाईच्या सवलती अवलंबून, म्हणून दरवर्षी त्यावर निवेदने आणि मोर्चे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्य, मातीतील ओलावा आणि उपग्रहावरून दिसणारी हिरवळ यांचे निर्देशांक आणले, तरी ‘आमच्या शिवारात कोणी आलेच नाही’ ही तक्रार संपलेली नाही. या तक्रारीचे गृहीतक मोलाचे आहे : आकड्याच्या पलीकडे एक शिवार आहे, आणि ते आकड्याला खोटे पाडू शकते. खेळात हे गृहीतकच रद्द होते. तेथे ग्रह आकड्याने मोजलेला नसतो. ग्रह आकडाच असतो. वासाहतिक महसूल अधिकाऱ्याला जे स्वप्न पूर्ण करता आले नाही, म्हणजे जमिनीच्या बाजूने कोणीही हरकत घेणार नाही अशी मोजणी, ते या खेळांनी नियमांच्या पातळीवर पूर्ण केले आहे.

मराठी ग्रामव्यवस्थेच्या भाषेत या ठिकाणी एक भेद सापडतो, जो खेळांच्या इंग्रजीत नाही. गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकणारी. पांढरी म्हणजे जिच्यावर गाव वसते ती. पांढरीची माती पिकत नाही म्हणून ती निकृष्ट ठरत नाही. भिंतींची, चुलींची, राखेची आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावराची ती माती असते. जागा वास्तव्याला योग्य असणे आणि जागा उत्पन्नाला योग्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या जोडीत गृहीत आहे. ओस पडलेल्या गावासाठीचे शब्दही त्याच दृष्टीचे आहेत. विदर्भात ‘रीठ’ म्हणतात. महसुली दप्तरात फार्सीतून आलेला ‘बेचिराग’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ जेथे दिवा नाही असे गाव. काळी पिकत असली तरी पांढरी बेचिराग असू शकते; आणि अवर्षणात काळी करपली तरी पांढरीवर दिवा लागू शकतो. वस्तीचे माप येथे उत्पन्न नसून दिवा आहे.

याच्या नेमके उलट २०१६ मधील ‘स्टेलारिस’ या स्वीडिश खेळात घडते. त्यात वास्तव्ययोग्यता टक्क्यांत दिली जाते. कोरडे, ओले आणि थंड असे हवामानाचे तीन गट. प्रत्येकात तीन प्रकार. ज्या प्रकारच्या ग्रहावर प्रजाती जन्मली त्या प्रकाराला सर्वसाधारणपणे ऐंशी टक्के, त्याच गटातील इतरांना साठ, परक्या गटांना वीस. टक्के कमी असतील तर काय होते? पोसण्याचा खर्च वाढतो, उत्पादन घटते, लोकसंख्यावाढ मंदावते. म्हणजे न मानवणाऱ्या जागी राहण्याचे दुःख खेळाला ठाऊक आहे, पण ते त्याला ताळेबंदाच्या भाषेतच उच्चारता येते. पांढरीचे वर्णन येथे काळीच्या परिभाषेत केले जाते. ग्रहावरील घनदाट अरण्य किंवा हिंस्र प्राणी यांना खेळात ‘अडथळा’ म्हणून दाखवले जाते; ठरावीक किंमत मोजून ते हटवायचे असतात. मेळघाटच्या जंगलाला कधी राखीव वन, कधी व्याघ्रप्रकल्प अशी नावे मिळाली आणि तेथील कोरकू गावांना हलवले गेले, तो इतिहास ज्या जिल्ह्याला आहे तेथे ‘अडथळा’ हा शब्द वाचून पुढे सरकणे समीक्षकाला परवडणारे नाही.

वस्तीची नोंद उत्पन्नाखेरीज करता येते याचा जुना पुरावाही वऱ्हाडच्या परिसरातलाच आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चक्रधरांच्या वास्तव्याने पुनीत झालेली ठिकाणे नोंदवते. देऊळ कोणत्या दिशेचे, दार कोणत्या बाजूला, स्वामी कोठे बसले, कोठे निजले, कोठे काही काळ राहिले, एवढाच तिचा विषय. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली ही पोथी भूगोलाचे साधन म्हणून अनेकांनी वापरली आहे. पण तिचे खरे वैशिष्ट्य असे की तिच्यात जागा राहण्यातून सिद्ध होते. राहण्याआधी ती ‘योग्य’ ठरलेली नसते. रिद्धपूर हे गोविंदप्रभूंच्या वावराने रिद्धपूर झाले. त्याच्या सुपीकतेचा प्रश्न पोथीला पडत नाही.

मात्र काळी-पांढरी आणि स्थानपोथी हाती आल्यावर देशीवादाच्या आनंदात विसावण्याचा मोह टाळला पाहिजे. पांढरी निष्पाप नाही. तिला गावकूस असते आणि गावकुसाबाहेर महारवाडा असतो. गावाने ज्यांना आपल्या सेवेत धरले त्यांना आपल्या पांढरीवर मात्र धरले नाही. दिवा तेथेही लागत होता, पण ‘गाव’ या शब्दाच्या आत तो मोजला जात नव्हता. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत (१९६३ च्या त्याच नावाच्या संग्रहातील) हा प्रश्न रेल्वेच्या गावी पोहोचतो. नायक रेल्वेच्या नोकरीवर परमुलखात रुजू होतो, आणि नोकरी मिळाली तरी राहायला जागा मिळण्यापाशी सारे अडते. रेल्वेने गावाचा जुना नकाशा मोडला, नव्या वस्त्या उभ्या केल्या, सर्वांना एका डब्यात बसवले. पण भाड्याच्या खोलीचा दरवाजा जात विचारूनच उघडत राहिला. शहर राहण्याजोगे आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या कथेत प्रत्येकासाठी वेगळे आहे आणि ते हवामानावर अवलंबून नाही. बागुलांचा नायक जात लपवून जे वास्तव्य मिळवतो, ते उघडकीस येताच मारहाणीत संपते.

या कथेनंतर ‘स्टेलारिस’चे टक्के पुन्हा पाहिले की त्यांतील एक गफलत स्पष्ट होते. खेळात वास्तव्ययोग्यता ही प्रजाती आणि ग्रह यांच्यातील नैसर्गिक नात्याची बाब मानली आहे. सामाजिक भेद धोरणांच्या दुसऱ्याच पडद्यावर, हक्क आणि बंदी यांच्या यादीत ठेवलेला आहे. दोन पडदे वेगळे असल्यामुळे एक निसर्ग आणि दुसरा राजकारण असे वाटते. बागुल दाखवतात ते हेच की ‘येथे तू राहू शकत नाहीस’ हे राजकीय वाक्य स्वतःला नेहमी निसर्गाचे वाक्य म्हणूनच सादर करते. खेळाच्या कर्त्यांना हे अजिबात जाणवले नाही असेही नाही. ज्या ग्रहांवर आधीच कोणी नांदत असते त्यांना ‘स्टेलारिस’मध्ये पूर्वी ‘आदिम’ म्हटले जाई. २०२३ च्या विस्तारासोबत तो शब्द काढून प्रकाशवेगापूर्वीची संस्कृती अशा अर्थाची संज्ञा आली. सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु नवी संज्ञाही त्या समाजाला त्याच्याकडे जे नाही त्यावरूनच ओळखते, आणि निरीक्षण, घुसखोरी किंवा आक्रमण हे पर्याय त्या नावापुढे कायम राहतात.

मराठी विज्ञानकथेने दूरच्या ग्रहावर वस्ती करण्याचा विषय मध्यवर्ती असा फारसा मानला नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेपासून सुरू झालेल्या जयंत नारळीकरांच्या कथालेखनाचा ओढा विश्वाच्या नियमांकडे आणि बाहेरून येथे येणाऱ्या संकेताकडे अधिक होता. ‘प्रेषित’ या त्यांच्या कादंबरीच्या शीर्षकातही कोणीतरी पाठवले जाण्याचे सूचन आहे. ज्या समाजावर वसाहत झाली त्याच्या कल्पनेत आगमन आधी येते, प्रस्थान नंतर, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. ते सिद्ध करायला अधिक व्यापक अभ्यास लागेल.

ग्रहाने हरकत घेण्याचा प्रसंग या परंपरेत एकदा आला आहे, आणि तो १९९९ च्या ‘अल्फा सेंटॉरी’मध्ये. ब्रायन रेनल्ड्स यांनी रचलेल्या या खेळात पृथ्वी सोडून आलेले सात गट कायरॉन नावाच्या ग्रहावर उतरतात. वरवर पाहता सारे परिचित आहे. प्रत्येक चौकोनाची प्रत पावसाने, खडकाळपणाने आणि उंचीने ठरते; रुक्ष, दमट, पावसाळी; सपाट, चढउताराची, खडकाळ. इंदापूरच्या मोजणीदारालाही ही नोंदवही परकी वाटली नसती. या चौकोनांवर पसरलेली एक तांबूस बुरशी आहे. ती वाट अडवते, सुरुवातीला तिच्यापासून जवळजवळ काही मिळत नाही आणि तिच्यातून निघणारे किडे माणसाच्या मनावर हल्ला करतात. पहिल्या पाहणीत बुरशी म्हणजे सरळ पड जमीन, शिवाय उपद्रवी. ती काढून शेत करावे, खाण खोदावी, असा खेळाडूचा सहज कल असतो. पण उपसा वाढत गेला की बुरशी उसळून येते, किडे शहरांवर येतात, समुद्राची पातळी चढते. आणि हळूहळू, मधूनमधून येणाऱ्या निवेदनांतून, हे कळते की बुरशी हे ग्रहाचे मज्जातंतूंचे जाळे आहे आणि ग्रह बोलतो आहे.

त्याहून लक्षणीय गोष्ट नियमांत आहे. ग्रहाविषयीचे ज्ञान वाढत जाते तसे त्याच बुरशीच्या चौकोनातून मिळणारे उत्पन्न वाढत जाते, आणि शेवटी ते माणसाने केलेल्या शेताला मागे टाकू शकते. जमीन बदललेली नसते. पाहणारा बदललेला असतो. पहिली आणेवारी चुकली होती, अशी कबुली नियमांनीच द्यावी, हे या प्रकारात असाधारण आहे. तरीही तिच्या मर्यादेकडे दुर्लक्ष करता येत नाही. बुरशीचे मोल पटते ते ती अखेर अन्न, खनिज आणि ऊर्जा देऊ लागते म्हणून. ग्रहाने हरकत घेतली, ती मान्यही झाली, पण ती उत्पन्नाच्याच रकान्यात नोंदली गेली. ज्या चौकोनातून कधीच काही मिळणार नाही, तरीही तो राखावा असे वाटण्याला त्या रकान्यात जागा नाही. पांढरीला जागा नाही.

आकड्यांवाचून खेळ होणारच नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः योग्य आहे. बुद्धिबळाच्या पटावरील हत्ती काय खातो हे कोणी विचारत नाही. पण बुद्धिबळाच्या घरांना नावे नाहीत. मोक्षपटाच्या घरांना आहेत, आणि म्हणून मोक्षपट वाचावा लागतो. शिडीच्या पायथ्याशी कोणता सद्गुण आणि सापाच्या तोंडाशी कोणता दुर्गुण, यावरून त्याच्या कर्त्याचे विश्व कळते. ज्या क्षणी खेळ आपल्या घरांना ‘ओसाड’, ‘मृत’, ‘सुपीक’ अशी नावे देतो त्या क्षणी तो संहितेच्या प्रांतात येतो. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये ‘सायबरटेक्स्ट’मध्ये अशा संहितांचा विचार वाचकाच्या श्रमाच्या अंगाने केला. वाचकाला पुढे जाण्यासाठी काहीतरी करावे लागते, हे त्यांचे प्रतिपादन. त्या ‘करण्या’ला कोणती क्रियापदे उपलब्ध आहेत हा प्रश्न मात्र भाषेच्या अभ्यासकाचा आहे, आणि तो त्या त्या भाषेतच सोडवावा लागतो.

विद्यापीठीय मराठीत ‘हॅबिटेबिलिटी’साठी ‘वास्तव्ययोग्यता’, ‘अधिवासक्षमता’ असे प्रतिशब्द चालतात, आणि खगोलविज्ञानात, जेथे प्रश्न द्रवरूप पाण्यापुरता मर्यादित असतो, ते पुरेसे आहेत. खेळांच्या संदर्भात ते दिशाभूल करतात, कारण तेथे त्या संज्ञेखाली जे मोजले जाते ते वास्तव्य नसून पीक असते. त्याला ‘ग्रहाची आणेवारी’ म्हणणे अधिक प्रामाणिक होईल. ‘वसणे’ हे क्रियापद मग मोकळे राहते : ज्या ठिकाणी सोळापैकी चारच आणे भरतात आणि तरीही संध्याकाळी दिवा लागतो, अशा पांढरीसाठी, आणि त्या पांढरीने ज्यांना आत घेतले नाही त्यांच्या दिव्यासाठीही.